बसऱ्याचा डबा

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
१४ नोव्हेंबर २००५

दादा,
जयभीम.

सतरा महिन्यांनी लिहितो आहे. फोन करता आला असता. दोनदा नंबर लावलाही, आणि तिकडे रिंग जायच्या आत ठेवून दिला. कागदावर लिहिताना मधे कोणी बोलत नाही, म्हणून पत्र.

माझा निमिष जखमी आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. जिवाला धोका नाही. अकरा ऑक्टोबरला इराकमध्ये रमादी नावाच्या गावाबाहेर त्यांच्या फौजी गाडीखाली रस्त्यात पुरलेला बॉम्ब फुटला. गाडीत चौघे होते, दोघे वाचले. निमिषचा उजवा हात कोपराच्या वरून काढला आहे. उजव्या कानाने ऐकू येत नाही. आधी जर्मनीला नेलं, तिथून इथे वॉशिंग्टनच्या लष्करी हॉस्पिटलात आणलं. आमच्या घरापासून गाडीने तासभर. सुवर्णा सकाळी जाते, मी ऑफिस सुटलं की जातो.

माझं ऑफिस तेच. खिडक्या नसलेल्या इमारतीत कॉम्प्युटरच्या रांगा आहेत आणि त्या थंड ठेवणं हे माझं काम. फौजेतून कळवणारा फोन आला त्या दिवसापासून मीही तसाच थंड आहे. जेवतो, गाडी चालवतो, लोकांच्या ईमेलना उत्तरं देतो. सुवर्णा विचारते, तुम्हाला रडू कसं येत नाही? मला माहीत नाही.

पहिले काही दिवस निमिष गुंगीत होता. मग बोलायला लागला. त्याने पहिली गोष्ट मागितली ती तू. "कॉल भानुकाका. आय वाँट टु टॉक टु हिम." मी म्हटलं, करतो. केला नाही. ते वर लिहिलंच आहे.

आता मुद्द्याचं. तीन नोव्हेंबरला संरक्षण खात्यातले एक बडे साहेब वॉर्डात येऊन गेले. जखमींची विचारपूस. इथे अशा भेटी चालूच असतात; आधी कुणी विचारत वगैरे नाही, येतात. फोटो निघाले. त्यातला एक आमच्या भागातल्या पेपरात आला आणि तिथून ईमेलने सगळीकडे गेला. हर्षिताने तुला दाखवला असेल. तुझी मुलगी दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, तिच्यापर्यंत नक्की पोचला असणार.

त्या दिवसापासून निमिष माझ्याशी बोलत नाही. नर्सशी बोलतो, आईशी बोलतो, शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी फुटबॉलवर वाद घालतो. मी आत गेलो की छताकडे बघतो. अकरा दिवस झाले.

तू त्याला फोन कर. मी तुला काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तरी कर. माझ्यासाठी म्हणत नाही.

तुझा
अतुल


अ‍ॅशबर्न
६ डिसेंबर २००५

दादा,
जयभीम.

तुझं उत्तर नाही. रमावहिनींचा मात्र रविवारी फोन आला होता. म्हणाल्या, "त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आन् खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून वाचलं." मी विचारलं, फोटो पाहिला का? वहिनी म्हणाल्या, पाहिला.

आज सहा डिसेंबर. सुवर्णाने बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आहे आणि मी त्याच टेबलावर बसून लिहितो आहे. आजच्या दिवशी तरी खोटं नको. मागच्या पत्रात मी लिहिलं की इथे कुणी विचारत नाही. विचारतात, दादा. मला विचारलं होतं.

दोन नोव्हेंबरला, भेटीच्या आदल्या दिवशी, कॅप्टन डोनली नावाच्या बाई आल्या. भेटींची व्यवस्था त्यांच्याकडे असते. त्या निमिषकडे गेल्या तेव्हा मी तिथेच होतो. निमिषने त्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, नो व्हिजिटर्स. टेल देम. प्लीज." स्वच्छ म्हणाला. मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मग कॉरिडॉरमध्ये त्या बाईंनी एक फॉर्म पुढे केला. पेशंट औषधांवर आहे, तेव्हा त्याच्या वतीने कुटुंबाने सही केली तरी चालेल. पुढे म्हणाल्या, यात सक्ती नाही, नको असेल तर नको म्हणा, कुणी वाईट वाटून घेणार नाही. एवढं साधं होतं ते. मी पेन मागितलं आणि सही केली. त्या म्हणाल्या, "थँक यू, सर."

का केली, हे मी महिनाभर स्वतःला विचारतो आहे. निमिषच्या नागरिकत्वाचा अर्ज त्याच्या युनिटने पाठवलेला आहे, तो कुठे अडकू नये असं मनात होतं का? असेलही. पण खरं सांगू का, त्या वेळी मनात काहीच नव्हतं. समोर गणवेश होता, हातात फॉर्म होता आणि खाली सहीची रेघ होती. व्हिसा, मग ग्रीन कार्ड, मुलाची शाळा, डॉक्टर. दहा वर्षांत मी या देशात पुढे आलेला एकही कागद सहीशिवाय परत केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात नवी पांघरुणं आली. निमिषची लघवीची पिशवी खाटेच्या पलीकडच्या बाजूला अडकवली, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. दोन दारं सोडून एक मुलगा आहे, त्याचा चेहरा भाजलेला आहे. त्याचं दार लावून घेतलं. मला तू पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलात होतास ते आठवलं. श्रीलंकेत, जाफन्याच्या लढाईत तुझं पाऊल गेलं तेव्हा. मंत्री यायचे म्हणून सकाळी नव्या चादरी घातल्या होत्या आणि संध्याकाळी तुझ्या अंगाखालून काढून नेल्या. तू हसला होतास. "निदान दिवसभर तरी मऊ झोपलो." मला तेव्हा राग आला होता. या वेळी मी पांघरूण नीट करायला मदत केली.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हता. थकलेला दिसत होता. बोलला दोन-तीन वाक्यं, देशाला तुझा अभिमान आहे वगैरे. आता इथल्या फौजेत एक रीत आहे. साहेब खूश झाला की हस्तांदोलन करताना तळहातात लपवलेलं नाणं समोरच्याच्या तळहातात सरकवतो. त्याच्या हुद्द्याचं चिन्ह असलेलं, मोठं, जड नाणं. शिपाई ती जपून ठेवतात. साहेबाने सवयीने उजवा हात पुढे केला, नाणं आत धरून.

निमिषच्या उजव्या बाहीला टाचणी लावलेली होती.

सगळ्यांना एकदमच कळलं. साहेबाचा हात तसाच राहिला. निमिषने डावा पुढे करायला हवा होता, पण त्याने केला नाही. तो छताकडे बघत राहिला. कॅमेरेवाला वाट बघत होता. कुणाची तरी लाज जाते आहे आणि ती झाकायला हवी, एवढंच मला वाटलं. कुणाची, ते मी पाहिलं नाही. मी खाटेला वळसा घालून पुढे झालो, कमरेत वाकलो आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. साहेबाने सुटका झाल्यासारखं वरून नाणं त्यात सोडलं.

फोटो तेव्हाचा आहे.

हे वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे कोण उभं राहिलं असेल ते मला माहीत आहे. माझ्याही राहिलं, पण नाणं हातात पडल्यावर.

ते सगळे पुढच्या खोलीत गेले. डोनलीबाई जाता जाता निमिषला म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी परवानगी दिली म्हणून आम्हाला तुला भेटता आलं. मग निमिषने माझ्याकडे बघितलं. "यू सेड येस," म्हणाला. प्रश्न नव्हता तो. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही.

इकडच्या मराठी मंडळींना मात्र फोटो फार आवडला. माझ्या ऑफिसातला नरेंद्र, नागपूरचाच, त्याने सगळ्यांना फॉरवर्ड केला. मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "अतुल, यार, काय मोमेंट आहे. अगदी प्रसाद घेतल्यासारखं घेतलंयस. सो ग्रेसफुल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या घरी ओंजळ फक्त प्रसादासाठी करत असतील. मी थँक्स म्हटलं आणि डबा संपवला.

नाणं गाडीत सुट्ट्या पैशांच्या खणात पडून आहे. परवा हॉस्पिटलातून येताना टोल नाक्यावर न बघता मूठ भरली आणि यंत्राच्या टोपलीत टाकली. दिवा हिरवा होईना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. यंत्राने नाणं खाली परत टाकलं होतं. मी दार उघडून, वाकून ते उचललं आणि परत खणात ठेवलं.

अतुल


अ‍ॅशबर्न
२ जानेवारी २००६

दादा,
जयभीम.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. वहीचं पान, त्यावर चार ओळी. सुवर्णाने मला वाचून दाखवल्या, मग मी पुन्हा वाचल्या. आता पाठ झाल्या आहेत.

"फोटो पाहिला. बाबा हे पाहायला नाहीत ते बरं झालं. पोराशी मी काय बोलू, आधी तू बोल. त्याला बसऱ्याची गोष्ट सांग. भानुदास."

खाली जयभीमसुद्धा नाही. मला राग आला नाही.

सांगतो म्हणून ठरवलं आहे, पण त्याआधी तुझ्याशी एक राहिलं आहे. ते निस्तरल्याशिवाय मला बाबांची गोष्ट तोंडातून काढता येणार नाही.

निमिष ट्रेनिंगला गेला त्या जूनमध्ये मी तुला फोन करून म्हणालो होतो की तू माझ्या पोराला नासवलंस. कामठीला सुट्टीत आला तेव्हा त्याला रेजिमेंटच्या गोष्टी सांगितल्यास, तुझी पदकं दाखवलीस, लाकडी पाऊल काढून हातात दिलंस, म्हणून तो बंदूक धरायला गेला. मी म्हणालो होतो, तुझं एक पाऊल गेलं ते पुरलं नाही का? तू एवढंच म्हणालास, "दुसऱ्याच्या देशात बंदूक घेऊन जाण्याबद्दल मी त्याला काय सांगितलं ते एकदा त्याला विचार." मी फोन ठेवला. विचारलं कधीच नाही.

आता ऐक. निमिष भरती झाला तेव्हा सतरा वर्षांचा होता. सतराव्या वर्षी आईबापांच्या सहीशिवाय इथे कुणाला घेत नाहीत. दोघांच्याही सह्या लागतात. त्या फॉर्मवर पहिली सही माझी आहे. सुवर्णाने मी केली म्हणून केली.

भरती करणारा सार्जंट घरी आला होता. जानेवारीतली दुपार, बाहेर बर्फ. बूट काढायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने दारात काढले. सुवर्णाने पोहे केले. त्याने दोनदा मागून घेतले, लिंबू पिळून खाल्ले. मला प्रत्येक वाक्यात सर म्हणत होता. मी त्याला सांगितलं की माझा भाऊ सुभेदार होता, माझे आजोबा पहिल्या महायुद्धात इराकलाच होते, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "देन इट रन्स इन द फॅमिली, सर." आजोबा तिथे काय करायला गेले होते ते मी त्याला सांगितलं नाही. सुवर्णा स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. तिला मी नाही म्हणायला हवं होतं. निमिषलासुद्धा, मला वाटतं, कुणीतरी नाही म्हणेल असं वाटत होतं. सही करताना तो माझ्या हाताकडे बघत होता.

नंतर जे होणार ते दिसायला लागलं, तेव्हा मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. तू लांब होतास आणि तुला दोष घ्यायची सवय आहे. दादा, माझं चुकलं. तुला जे बोललो ते मला स्वतःला बोलायचं होतं. हे फोनवर बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला तेवढं धैर्य नाही.

आणखी एक. डोनलीबाई पुन्हा आल्या होत्या. बारा तारखेला आधीच्यापेक्षा वरचे साहेब येणार आहेत. निमिषला खाटेवरच नागरिकत्वाची शपथ देणार, कागद हातात देणार, कॅमेरे असतील. त्या म्हणाल्या, हा मान फार थोड्यांना मिळतो. मी विचारलं, नको म्हटलं तर? तर कागद नेहमीच्या रांगेतून येईल, म्हणाल्या, काही महिने लागतील, कदाचित जास्त. फॉर्म माझ्याकडे ठेवून गेल्या आहेत. या पत्राच्या शेजारी पडला आहे. रेघ मोकळी आहे.

अतुल


अ‍ॅशबर्न
१३ जानेवारी २००६

दादा,
जयभीम.

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. कसं झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर काहीतरी लपवीन.

मंगळवारी संध्याकाळी सुवर्णाला घरी पाठवलं आणि निमिषच्या डाव्या बाजूला खुर्ची घेतली, ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला. तो छताकडे बघत होता. शेजारच्या खाटेवरचा मुलगा व्यायामाला गेला होता. मी आधी माझं सांगितलं: सार्जंटच्या फॉर्मचं, तुझ्यावर ढकललं त्याचं, डोनलीबाईंच्या फॉर्मचं. त्याने मान वळवली नाही. मग बसऱ्याचं सुरू केलं.

तुला ती पाठ आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतो, त्यामुळे अडखळत होतो आणि निम्मं इंग्रजीत जात होतं. सांगितलं की तुझे पणजोबा इंग्रजांच्या लढाईत बसऱ्याला गेले होते. शिपाई म्हणून नाही, आपल्या लोकांना तेव्हा बंदूक देत नव्हते. खेचरं हाकायला आणि ओझी वाहायला. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत घुसला, तापाने फणफणले, तंबूच्या हॉस्पिटलात चटईवर पडले होते. एक दिवस मोठा साहेब जखमींना बघायला आला. प्रत्येकाला सिगारेटचा पत्र्याचा डबा, त्यावर राजाचं चित्र. शिपायांच्या रांगेत साहेबाने स्वतःच्या हाताने डबे दिले, हस्तांदोलन केलं. हमाल आणि खेचरवाल्यांच्या रांगेशी आल्यावर त्याने डबे आपल्या हिंदी अर्दलीकडे, म्हणजे हुजऱ्याकडे, दिले. त्या अर्दलीला आपल्या लोकांचा हात लागलेला चालत नव्हता. तो म्हणाला, ओंजळ करा. आणि एकेक डबा वरून सोडत गेला. पाणीही तसंच, वरून धार. पणजोबांना तापात तहान लागलेली होती. त्यांनी ओंजळ केली.

मग सांगितलं की ही गोष्ट ऐकून माझ्या वडिलांनी काय केलं. जगन्नाथ मास्तरांनी घरात एकच नियम केला: ओंजळ करायची नाही. विहिरीवर नाही, नदीवर नाही, तहानेने जीव गेला तरी नाही. सरळ उभं राहायचं आणि हातातून हातात घ्यायचं, देणाऱ्याला ते जमत नसेल तर घ्यायचं नाही. त्यांच्या पिशवीत कायम एनॅमलचा पेला असायचा. आठव्या वर्षी मी कन्हान नदीवर ओंजळीने पाणी प्यालो, तेव्हा त्यांनी मारलं नाही, फक्त पेला माझ्यापुढे धरून उभे राहिले. मी ओंजळ सोडेपर्यंत.

"आणि मी काय केलं ते तू पाहिलंस," एवढं म्हणून मी थांबलो.

मग फॉर्म काढला. "निमिष, बारा तारखेला पुन्हा येतायत. शपथ आणि कागद. येऊ देऊ का?" थांबलो. दहा मिनिटं तरी थांबलो असेन. तो काही बोलला नाही. मला वाटलं, आता मी काय धरायचं? मग लक्षात आलं की उत्तर मला मिळालेलं आहे. नोव्हेंबरमध्येच दिलं होतं त्याने, प्लीज म्हणून. त्यानंतर ते बदललं असं त्याने मला सांगितलेलं नाही.

बुधवारी डोनलीबाईंना कोरा फॉर्म परत दिला. त्यांनी दोनदा विचारलं, तुमची खात्री आहे ना? मी हो म्हटलं. माझा आवाज इतका बारीक आला की तिसऱ्यांदा सांगावं लागलं.

काल साहेब वॉर्डात आले, बाकीच्यांना भेटायला. मी रजा घेतली होती. दाराबाहेर उभा राहिलो. हात पाठीमागे बांधले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून. माझ्या हातांवर माझा भरवसा नव्हता. ताफा आला. साहेबाला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलेलं तो विसरला असावा. दारावरची पाटी वाचून माझ्याकडे आला, हसला, उजवा हात पुढे केला. त्याची बोटं मिटलेली होती. आत नाणं होतं.

"यू मस्ट बी द फादर. मे आय गो इन?"

"नो, सर."

तो थांबला. "ही डझन्ट वाँट व्हिजिटर्स," मी म्हटलं. "ही टोल्ड मी." डोनलीबाई त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. साहेबाने हात खाली घेतला, मान हलवली, "आय अंडरस्टँड," म्हणाला आणि पुढच्या खोलीकडे वळला. कुणी रागावलं नाही. काहीच झालं नाही, दादा. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि हे मला काल कळलं.

भाजलेल्या मुलाचं दार याही वेळी लावलेलं होतं. ते सगळे त्यापुढून गेले.

मी तिथेच उभा होतो. हात सोडता येईनात. मग आतून आवाज आला.

"बाबा, पाणी."

सत्तर दिवस झाले होते. आणि मराठीत. तुला माहीत आहे, तो चौथीनंतर घरात मराठीत बोललेला नाही.

आत गेलो. जगमधून पाणी ओतलं आणि नर्स करतात तसा ग्लास त्याच्या तोंडाशी न्यायला लागलो. त्याने मान हलवून नको म्हटलं आणि डावा हात पुढे केला. त्या हाताला थरथर आहे अजून. मी ग्लास त्याच्या हातात दिला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, गरम होती. अर्धा ग्लास प्यायला, थोडं गळ्यावर सांडलं, मी पुसलं नाही. उरलेला ग्लास त्याने माझ्या हातात परत दिला.

मग मला रडू आलं. नर्स येऊन बघून गेली. निमिष आता छताकडे बघत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "सो व्हॉट डिड ही डू विथ द टिन?"

मला कळलं नाही.

"बसऱ्याचा डबा. पणजोबांनी त्याचं काय केलं? ठेवला? फेकला?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. बाबांनी मला तिथपर्यंतच सांगितली होती, की मी तिथपर्यंतच ऐकली, कुणास ठाऊक. निमिष म्हणाला, "भानुकाका वुड नो."

खाली हॉस्पिटलचा नंबर लिहितो आहे. खाटेशेजारी फोन आहे. दुपारी दोननंतर तो जागा असतो, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेबारा, झोपमोड होईल. फोन डाव्या कानाला धरायला त्याला जमतं. माझ्याशी बोलायची गरज नाही. मी त्या वेळेला ऑफिसात असतो.

त्याला डब्याचं सांग.

तुझा
अतुल